चोचीला काम हवं

डिसेंबर लागला की आमच्या निफाडचं नाव पेपरात रोज झळकतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे पुण्या-मुंबईचे नातेवाईक पांघरुणात बसून वाचतात आणि फोन करून विचारतात, "खरंच एवढी थंडी आहे का हो तुमच्याकडे?" असते. पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, धूर व्हावा म्हणून त्यावर ओला पालापाचोळा टाकतात, ठिबक चालू ठेवतात, तरी मणी तडकायची धास्ती जात नाही. पण याच दिवसांत मला दुसरेही फोन येतात. "काकू, आमच्या कोंबड्या एकमेकींना खायला लागल्यात हो!"

गोदाकाठच्या या मळ्यात लग्न होऊन आले तेव्हापासून मी कोंबड्या सांभाळते. सासूबाईंच्या गावरान होत्या. पुढे गिरिराज आली, वनराज आली, मध्ये कडकनाथची लाट आली आणि ओसरली. सध्या खुराड्यात सगळी सरमिसळ आहे. जात कुठलीही असो, टोचाटोचीची तक्रार जोर धरते ती थंडीतच. त्यामुळे लोक थंडीलाच नावं ठेवतात. कुणी म्हणतं, गारठ्यानं चिडचिडल्यात. कुणी म्हणतं, रक्ताची चटक लागली. आमचे दीर तर सरळ म्हणतात, "माजल्यात."

माझं म्हणणं वेगळं आहे. अंगावर पूर्ण पिसं असलेल्या कोंबडीला आपल्याकडची थंडी सहज सोसते. तिच्या अंगचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास, वर पिसांची गादी. तिला खरा जाच होतो तो कोंडण्याचा, आणि आमच्याकडे कोंडण्याचा हंगाम म्हणजे हिवाळा. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढं कित्येक आठवडे बागेत फवारणीचा सपाटा चालतो. डाऊनी येईल म्हणून फवारा, भुरी येईल म्हणून फवारा, ढग आले की पुन्हा फवारा. त्या बागेत कोंबड्या सोडायच्या नाहीत, हे घरातल्या पोरालाही कळतं. शेजारच्या वाफ्यांत कांद्याची नुकती लागवड झालेली, तिथं कोंबडी शिरली की दीर काठी घेऊन मागं. संध्याकाळी बिबट्याची भीती. उसात मादी पिल्लं घेऊन बसलेली असते, तेव्हा सहाच्या आत खुराड्याला कडी. सकाळी दव आणि गारठा, माणसंच उशिरा बाहेर पडतात, मग कडी निघायला साडेसात-आठ वाजतात. उन्हाळ्यात दिवसभर बांधावरून हिंडणारी कोंबडी हिवाळ्यात चौदा तास खुराड्यात आणि उरलेला वेळ जाळीच्या आत काढते.

आता कोंबडी दिवसभर करते काय, ते बघा. मोकळ्यावरची कोंबडी जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ जमीन उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. पोट भरलेलं असलं तरी. दोन पाय मागं मारायचे, एक पाऊल मागं यायचं, मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायचं, टोच मारायची. किडा मिळो न मिळो. ही तिची नुसती भूक नाही, ही तिची नोकरी आहे. कोंडल्यावर नोकरी जाते पण चोच तिथंच राहते. उकरायला जमीन नाही, समोर शेजारणीची पाठ आहे. मग जमिनीला मारायच्या टोचा पाठीवर पडायला लागतात.

इथं एक गोष्ट नीट कळायला हवी, कारण फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांची गल्लत इथंच होते. भांडणाची टोच वेगळी आणि पिसं उपटायची टोच वेगळी.

भांडणाची टोच डोक्यावर बसते, तुऱ्यावर बसते. झटकन बसते, कोंबडी ओरडते, बाजूला होते, विषय संपतो. कोण आधी खाणार, दांडीवर वरच्या जागी कोण बसणार, हे असंच ठरतं. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे या माणसाला लहानपणापासून कोंबड्यांचं वेड होतं. कोण कुणाला टोचते याच्या नोंदी तो ठेवत गेला आणि १९२२ साली त्यानं त्यावर शोधनिबंध छापला. प्रत्येक कळपात मानाची एक उतरंड असते आणि प्रत्येक कोंबडीला आपली पायरी ठाऊक असते, हे शास्त्राला कळलं ते त्याच्यामुळे. त्याला यात एक गंमतही दिसली होती. उतरंड दर वेळी सरळ नसते. तांबडी काळीला टोचते, काळी ठिपक्याच्या कोंबडीला टोचते, आणि ठिपक्याची कोंबडी उलट तांबडीला टोचते! आमच्या खुराड्यात असं एक त्रिकूट होतं. वरच्या दांडीसाठी तिघींची रोज संध्याकाळी फेरी चालायची. अशा भांडणात माणसानं पडू नये. एकदा उतरंड ठरली की ती शांतताच राखते. ती मोडते कधी, तर आपण मधेच नव्या कोंबड्या आणतो तेव्हा, किंवा एखादीला आठवड्या-दोन आठवड्यांसाठी बाजूला काढून परत सोडतो तेव्हा.

पिसं उपटणं हे प्रकरण मात्र मुकं असतं. दुपारच्या वेळी जाळीपाशी पाट टाकून बसलात तरच दिसेल. एक कोंबडी दुसरीच्या मागं येऊन उभी राहते, अगदी निवांत. शेपटीच्या बुडाशी, पाठीवर जिथं तेलाची गाठ असते तिथलं एक बारीक पीस चोचीत धरते, हलकेच ओढते, सोडते. पुन्हा धरते. समोरची ढिम्म हलत नाही, तिलाही वाटतं कुणी खाजवतंय. मग एक झटका बसतो. पीस निघतं, टोचणारी ते चोचीत उलटसुलट करते, देठाकडून धरते आणि गिळून टाकते. तुमच्या खुराड्यात खाली पिसं पडलेली दिसत नसतील आणि कोंबड्यांच्या पाठी मात्र उघड्या पडत असतील, तर पिसं कुठं गेली ते आता समजलं असेल. यात राग नाही, भांडण नाही. टोचणारी कोंबडी कळपातली दांडगीच असेल असंही नाही.

उघड्या कातडीवर रक्ताचा एक थेंब आला की चित्र पालटतं. कोंबडीला रंग फार छान दिसतात, आपल्यापेक्षाही जास्त, आणि लाल ठिपका तिला लांबून खुणावतो. एक टोचते, दुसरी बघून टोचते, अर्ध्या तासात सगळा कळप एकीच्या मागं. रक्ताची चटक म्हणतात ती हीच, पण ती सगळ्यात शेवटी येते. लोक धावाधाव सुरू करतात तीही तेव्हाच.

हिवाळ्याच्या तोंडाला हे जास्त का होतं, याचं एक कारण पिसांतच आहे. दिवस लहान व्हायला लागले की कोंबड्या जुनी पिसं टाकतात आणि नवी धरतात. नव्या पिसाचा कोंब नळीसारखा असतो आणि त्या नळीत रक्त खेळत असतं. तो मोडला की भळभळतं. शिवाय पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, शंभरातले ८५-९० भाग. ऐन गरजेच्या वेळी आपण कोंबडीला काय घालतो? नुसता मका, नाहीतर बाजरी. थंडी आहे, काहीतरी उष्ण द्यावं! बाजरीनं ताकद मिळते, खोटं नाही. पण मक्यात प्रोटीन शंभराला ९ आणि बाजरीत ११-१२ च्या आसपास. अंड्यावरच्या कोंबडीला लागतं १६ ते १८. नुसत्या मक्यावर कोंबडीची पिशवी भरते, गरज भागत नाही. मग ती प्रोटीन शोधते, आणि खुराड्यात सगळ्यात जवळचं प्रोटीन म्हणजे शेजारणीचं पीस.

माझं मिश्रण साधं आहे. वजनानं तीन भाग भरडलेला मका आणि एक भाग सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड. एवढ्यानं हिशेब १८ च्या घरात जातो. डीओसी मिळाली नाही तर शेंगदाण्याची पेंड, पण ती बुरशी लागलेली नको, कडवट वास आला तर सरळ उकिरड्यावर. आठवड्यातून एक-दोनदा मूठभर सुकट टाकते, त्या दिवशी खुराड्यात लग्नघर असतं. घरच्या मिश्रणात हमखास विसरतात ते मीठ. किलोला तीन ग्रॅम. मीठ कमी पडलं तरी टोचाटोची वाढते. पण म्हणून मूठ सोडायची नाही. जास्त मिठानं कोंबडी ढाळून मरते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा, जिला अंड्यासाठी लागेल ती खाईल. गोळीखाद्य विकत आणत असाल तर एवढं लक्षात घ्या की त्यानं पोट झटपट भरतं आणि चोच रिकामी राहते. भरड खाद्य चिवडायला वेळ लागतो, आणि आपल्याला वेळच तर घालवायचा आहे.

दिवसातला सगळ्यात वाईट तास कोणता, असं विचारलंत तर मी पहाटेचा सांगेन. साडेसहाला फटफटतं. कोंबड्या दांडीवरून उतरतात. रात्रभराच्या उपाशी, आणि कडी निघायला अजून तासभर. दाटीवाटी, भूक आणि काम काहीच नाही. जखमा होतात त्या याच तासात, आणि आपण साडेसातला दार उघडून विचारतो की रात्रीतून हे झालं कसं. रात्री काहीच होत नाही, अंधारात कोंबडीला फारसं दिसतच नाही. यावरचा उपाय मला इतका आवडतो की मी तो कुणालाही पहिल्यांदा सांगते. संध्याकाळी सगळ्या दांडीवर बसल्या की खालच्या तुसात दोन मुठी ज्वारी नाहीतर गहू उधळायचा आणि हातानं वरखाली करायचा. उजाडलं की त्या उतरतात आणि दाणे शोधत बसतात. दार उघडेपर्यंत कुणी कुणाकडं बघत नाही. उंदरांची खोड असेल तर जाळी अर्ध्या इंचाची हवी आणि दाणे मोजकेच, सकाळपर्यंत एकही उरता कामा नये.

त्यासाठी खाली तूस मात्र जाडसर हवं, चार बोटं तरी. भाताचं तूस आमच्याकडे इगतपुरी-घोटीकडून येतं, नाही मिळालं तर गव्हाचं भुसकट किंवा लाकडाचा भुसा चालतो. फरशीवर किंवा ओल्या शेणामातीवर कोंबडी उकरणार काय? थंडी वाजेल म्हणून लोक चहूबाजूंनी गोणपाट आणि प्लास्टिक ठोकतात, तेही तपासा. खालून वारा नको हे बरोबर, पण वर छपराखाली हात जाईल एवढी फट मोकळी पाहिजे. नाहीतर विष्ठेचा उग्र वास कोंडतो, सकाळी दार उघडलं की आपलेच डोळे चुरचुरतात. त्या हवेत रात्र काढलेली कोंबडी सकाळी कुणाशी गोड वागेल?

दिवसा जाळीच्या आत काय ठेवायचं याला मर्यादा नाही. कोबीचा गड्डा सुतळीनं कोंबडीच्या डोक्याच्या जरा वर टांगा. टोच मारली की तो झोका घेतो, परत येतो, पुन्हा टोच. बाजारात भाव पडलेला असतो तेव्हा मेथीची जुडीही टांगते. लसूणघासाच्या पेंढ्या, पालक, मक्याचं अख्खं कणीस, दाणे काढलेलं सूर्यफुलाचं बोंड, काहीही चालतं. अट एकच, खाली ठेवायचं नाही. खाली ठेवलेलं पाच मिनिटांत तुडवून घाण होतं. आणि एक जुना टायर. त्यात चुलीची राख आणि कोरडी माती भरून ठेवते. हिवाळ्यात सकाळची जमीन दवानं ओली, कोंबड्यांना अंग घोळायला धूळ मिळत नाही, मग उवा-गोचिडी वाढतात, अंग खाजतं, त्या स्वतःचीच पिसं ओढतात आणि रक्त काढतात. गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत लपते आणि रात्री येऊन चावते, म्हणून फक्त कोंबडी बघून भागत नाही. बॅटरी घेऊन रात्री दांडीच्या खालची बाजू बघायची.

अंड्याच्या जागेकडं मी विशेष लक्ष देते, कारण तिथली टोच जीव घेते. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या पिल्लांच्या तलंगा हिवाळ्यात पहिल्यांदा अंड्यावर येतात. अंडं बाहेर येताना मागची गुलाबी त्वचा क्षणभर बाहेर दिसते आणि परत आत जाते. ते उजेडात घडलं आणि मागं रिकाम्या चोचीची एखादी उभी असली तर ती तिथंच टोचते. पुढचं लिहवत नाही, आतडीपर्यंत जातं. म्हणून अंड्याचं खोकं काळोख्या कोपऱ्यात हवं, जमिनीपासून हातभर उंच, तोंडावर गोणपाटाचा पडदा, आणि चार-पाच जणींमागं एक. थंडीत अंडी कमी होतात म्हणून खुराड्यात बल्ब लावायची पद्धत आहे. डिसेंबरात आपल्याकडं दिवस जेमतेम अकरा तासांचा, आणि अंड्यासाठी कोंबडीला चौदा-सोळा तासांचा उजेड लागतो, म्हणून लावतात. लावा, पण मंद आणि पिवळसर. पांढराशुभ्र एलईडी लावलात तर अंडी वाढायच्या आधी जखमा वाढतील.

जखम झालीच तर? आधी ती कोंबडी बाहेर काढायची, त्याच क्षणी. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून जखम पुसायची, वर जांभळं औषध लावायचं, जेन्शन व्हायोलेट. जंतू मरतात, शिवाय लाल रंग झाकला जातो. हळद लावणारे खूप आहेत. हळद वाईट नाही, पण पिवळ्यातून लाल दिसत राहतं आणि परत कळपात सोडल्याबरोबर टोचा सुरू होतात. जखम खोल असेल, मांस दिसत असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. बरी होईपर्यंत तिला घरात नेऊ नका, जाळीच्या आतच डालग्याखाली ठेवा. बाकीच्यांना ती दिसत राहते, ओळख पुसली जात नाही आणि परत जाताना नवी भांडणं लागत नाहीत. नव्या कोंबड्या आणल्या तरी हीच रीत: मध्ये जाळी, आठ-दहा दिवस एकमेकींना नुसतं बघू द्यायचं. रात्री गुपचूप आत सोडा, सकाळी कळणार नाही, असं सांगणारे भेटतात. कोंबड्या एवढ्या भोळ्या नसतात.

माणसानं या दुखण्यावर काय काय काढलंय ते ऐकलं तर हसू येतं. अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन नावाच्या माणसानं १९०३ साली कोंबडीच्या चष्म्याचं पेटंट घेतलं, टोचणीपासून डोळे वाचावेत म्हणून. पुढं लाल काचांचे चष्मे आले, त्यातून रक्त वेगळं दिसू नये या हिशेबानं. नाकपुडीत अडकवायची प्लास्टिकची झापडं आजही मिळतात. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांनी मात्र चोचीचाच तुकडा तापल्या पात्यानं उडवायची वाट धरली. चोचीच्या टोकात संवेदना असते, ते कापलं की दुखतं, म्हणून नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये त्याला बंदी आहे. हजारोंच्या पिंजऱ्यांचं गणित मी इथं बसून सोडवणार नाही. पण परसात दहा-बारा कोंबड्या ठेवणारी माणसंही "चोच कापून देता का?" म्हणून विचारतात, तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणते. उद्या फवारणी संपल्यावर तीच कोंबडी बांधावर किडे वेचणार आहे, ती कशानं वेचेल?

अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्युअर यांनी केलेला प्रयोग मला जास्त पटतो. एकेकटी जास्त अंडी देणारी कोंबडी न निवडता, एकत्र राहून जास्त अंडी देणारा पिंजराच्या पिंजरा त्यांनी पुढच्या पिढीसाठी निवडला. काही पिढ्यांत टोचून मरण्याचं प्रमाण धाडकन खाली आलं. हे त्यांनी १९९६ साली छापलं. मीही आता उबवायला अंडी निवडताना नुसत्या भरपूर अंडी देणारीची निवडत नाही. जिच्या आजूबाजूच्या कोंबड्यांच्या पाठी शाबूत आहेत, तिची निवडते.

एवढं सगळं करूनही एखादी खोड सोडत नाही. अशा वेळी मार खाणाऱ्या पाच जणींना वेगळं करण्यापेक्षा टोचणारीलाच आठ दिवस उचलून कळपाच्या नजरेआड डालग्याखाली टाकावं. परत गेली की तिची पायरी घसरलेली असते आणि काही जणी तेवढ्यानं वठणीवर येतात. नाही आली तर आमच्या घरात दोन मतं पडतात. दीर म्हणतात, गुरुवारच्या बाजारात नेऊन विकू, चांगले पैसे येतील. ती दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊन तेच करणार, हे ठाऊक असताना मी विकत नाही. मी मसाला वाटायला घेते.